आकृतीतली मोटार फिरत नसते

दिवाळी अंकात लेखकाने काहीतरी गोड लिहावे, असा आपल्याकडे संकेत आहे. मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. तेव्हा फराळाच्या ताटाबरोबर चालेल अशी एखादी गोष्ट माझ्याकडून अपेक्षिली गेली, तर त्यात कुणाचा दोष नाही. पण यंदा मला भांडायचे आहे. भांडण आहे ते आपल्या शाळांशी, जिथे मी स्वतः रोज जातो; आणि आपल्या पालकांशी, ज्यांतले बरेच जण या घटकेला हा अंक हातात घेऊन बसले असतील. भांडणाचे कारण ऐकून पुष्कळांना हसू येईल. माझी तक्रार एवढीच की, आपल्या मुलांना दहावीपर्यंत वीज शिकवली जाते, आणि तोपर्यंत त्यांतल्या बहुतेकांनी एक दिवासुद्धा स्वतःच्या हाताने लावलेला नसतो.

बटण दाबणे म्हणजे दिवा लावणे नव्हे. एक सेल, एक टॉर्चचा जुना बल्ब आणि वीतभर तार एवढे साहित्य पुढे ठेवून ‘लाव दिवा’ म्हटले की काय होते, ते मी गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे. मुले तारेचे एक टोक सेलच्या डोक्याला लावतात, दुसरे बल्बच्या बुडाला लावतात, आणि दिवा लागण्याची वाट पाहत बसतात. नळीतून पाणी यावे तशी वीज तारेतून बल्बात यावी, अशी त्यांची समजूत असते. बल्बला दोन जागी स्पर्श करावा लागतो, एक बुडाशी आणि एक बाजूच्या धातूच्या भागाला, आणि विजेला सेलकडे परत जायलाही वाट लागते, हे त्यांच्या गावीही नसते. हीच मुले परीक्षेत ‘विद्युत परिपथ म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर विरामचिन्हांसकट बिनचूक लिहितात!

हा दोष खेड्यापाड्यांतल्या शाळांचा, असे समजून शहरातल्या वाचकांनी सुटकेचा निःश्वास टाकू नये. १९९७ साली अमेरिकेत ‘माइंड्स ऑफ अवर ओन’ नावाचा एक माहितीपट तयार झाला. हार्वर्ड आणि एम. आय. टी. या जगद्विख्यात संस्थांच्या ताज्या पदवीधरांना, अंगावरचा पदवीदानाचा झगा अजून उतरलेला नाही अशा अवस्थेत गाठून, त्यांच्या हातांत हेच साहित्य देण्यात आले. सेल, बल्ब आणि तार. त्यांतले कित्येक जण माझ्या सातवीतल्या पोरांसारखेच गोंधळले. तात्पर्य इतकेच की, ज्ञान हातातून गेलेले नसेल तर ते किती वरच्या इयत्तेत शिकवले गेले, याला फारशी किंमत उरत नाही.

कुणी म्हणेल, ‘अहो, तुम्ही मॅट्रिकपलीकडे शिकलेले नाही. तुमच्याकडे कार्यानुभवाचे तास. उरलेल्या वेळात तुम्ही कादंबऱ्या लिहिता. पदार्थविज्ञानात नाक खुपसण्याचा तुम्हांला अधिकार काय?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सोपे आहे. कादंबरीकाराचा धंदाच असा की, माणसाला एखादी गोष्ट खरोखर समजली आहे की तो नुसते दुसऱ्याचे शब्द बोलतो आहे, हे त्याला कळावे लागते. पात्राच्या तोंडी पाठ केलेले वाक्य आले की ते पात्र मरते. मी शाळेतल्या विज्ञानाच्या वह्या चाळतो तेव्हा मला पानापानांवर अशी मेलेली पात्रे दिसतात. हे ओळखायला बी. एस्सी. व्हावे लागत नाही.

आता मोटारीकडे वळू. आमच्या दहावीच्या पुस्तकात ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा आहे. त्यात मोटार आहे. पण तिला तिथे मोटार म्हणत नाहीत, ‘विद्युत चलित्र’ म्हणतात. शास्त्रीय मराठीशी माझे वैर नाही. परंतु ज्या मुलाच्या घरी ‘मोटार जळाली’ या दोन शब्दांनी सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळते, त्याला ‘चलित्र’ आणि ‘मोटार’ ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत, हे तरी कुणीतरी सांगायला हवे की नाही? मुले चुंबकाचे दोन ध्रुव काढतात, मध्ये चौकोनी कुंडल काढतात, दुभंगलेली कडी काढतात, बाण दाखवतात. डाव्या हाताची तीन बोटे एकमेकांना काटकोनात धरून फ्लेमिंगचा नियम म्हणतात. आकृतीला गुण मिळतात. आकृतीतली मोटार अर्थातच फिरत नाही. ती फिरावी अशी कुणाची अपेक्षाही नसते.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या वडिलांचे मोटार रिवाइंडिंगचे लहानसे दुकान. मुलगा विज्ञानात काठावर पास होणारा. आम्ही वर्गात तांब्याच्या तारेची वेटोळी करून साधी मोटार बनवीत होतो आणि एका गटाची मोटार काही केल्या हलेना. सेल बदलला, लोहचुंबक बदलला, तरी ढिम्म. हा मुलगा शेजारून वाकून म्हणाला, ‘सर, वार्निश तसंच ठेवलंय. करंट कसा लागणार?’ तांब्याच्या त्या तारेवर रोधक लेप असतो. रिवाइंडिंगच्या दुकानात त्याला सरसकट वार्निश म्हणतात, आणि तो खरवडल्याशिवाय जोड लागत नाही. हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवले नव्हते. पुढे बोलता बोलता असे कळले की त्याला ‘सिरीज’देखील ठाऊक आहे. दुकानात एका लाकडी फळीवर बल्ब बसवलेला असतो, आणि दुरुस्त केलेली प्रत्येक वस्तू आधी त्या बल्बाच्या मागे जोडून पाहतात. बल्ब भगभगून पेटला तर आत शॉर्ट आहे, मंद लागला तर ठीक, मुळीच लागला नाही तर तार कुठेतरी तुटलेली. ही पुस्तकातली ‘एकसर जोडणी’च नव्हे काय? पण परीक्षेत ‘एकसर जोडणीचे गुणधर्म लिहा’ असा प्रश्न आला, तेव्हा या मुलाने ती जागा कोरी सोडली. आपण ती जोडणी रोज करतो, हे त्याला कुणी सांगितलेलेच नव्हते!

वाचकहो, या प्रसंगात हसण्यासारखे काही नाही. एका मुलापाशी ज्ञान आहे, पण त्याला त्याचे नाव ठाऊक नाही. दुसऱ्या चाळीस मुलांपाशी नावे आहेत, पण ज्ञान नाही. आणि आपली शाळा त्या चाळिसांना हुशार म्हणते आणि या एकाला मठ्ठ.

शेतावरची मोटार का जळते, हा प्रश्न महाराष्ट्रात पुस्तकी नाही. व्होल्टेज पडले की मोटार जळते, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. पण दहावीला विज्ञानात ऐंशीच्या वर गुण मिळवणाऱ्या त्याच्या मुलाला विचारा, ‘व्होल्टेज कमी झाले तर मोटार उलट थंड पडायला हवी, ती तापते कशी?’ मुलगा गप्प होईल. उत्तर त्याच्याच पुस्तकात विखुरलेले आहे. विहिरीतून पाणी उपसण्याचे काम तेवढेच आहे. विजेचा दाब कमी झाला की तेवढेच काम रेटण्यासाठी मोटार जास्त धारा ओढते. आणि तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा दीडपट झाली की उष्णता सव्वादोन पट. मग लेप जळतो, वेढे एकमेकांना चिकटतात, आणि ऐन उन्हाळ्यात पीक सोडून शेतकरी मोटार गाडीवर टाकून दुकान गाठतो. फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी जाड तार कोंबण्याचा आपला राष्ट्रीय छंदही याच अज्ञानातून आला आहे. ‘वितळतार’ या शब्दाची व्याख्या पाठ असलेले गृहस्थ घरी हाच उद्योग करतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तर मग करायचे काय? फार थोडे. एक मोठा सेल घ्यावा. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिने त्याच्या दोन टोकांना दोन सेफ्टी पिना घट्ट बसवाव्यात. पिनांची भोके वर आली पाहिजेत. लेप असलेल्या तांब्याच्या तारेचे दहा-पंधरा वेढे सेलभोवती गुंडाळून ते काढून घ्यावेत आणि दोन्ही टोके समोरासमोर सरळ बाहेर ठेवावीत. सेलवर एक लोहचुंबक ठेवावा. जुन्या मोडक्या स्पीकरमधलाही चालतो. वेढ्यांची टोके पिनांच्या भोकांत अडकवावीत. झाली मोटार. ही युक्ती माझी नव्हे. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्याचे जे व्रत घेतले आणि पुण्याच्या आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ज्याचा वर्षानुवर्षे प्रसार केला, त्यातलीच ही एक.

गंमत पुढेच आहे. तारेच्या एका टोकावरचा लेप पूर्ण खरवडायचा, आणि दुसऱ्या टोकावरचा फक्त अर्धा, म्हणजे गोल तारेची एकच बाजू. मुले हे सांगूनही ऐकत नाहीत. दोन्ही टोके चकचकीत घासून आणतात. मग मोटार थरथरते, अर्धा हेलकावा घेते आणि अडकून बसते. का? कारण वेटोळे अर्धे फिरून गेले की चुंबकाचा रेटा उलटा होतो. आधी ज्याने पुढे ढकलले तोच आता मागे ओढतो. अर्धा लेप शिल्लक असेल तर नेमक्या त्याच वेळी धारा तुटते, वेटोळे आपल्या गतीने उरलेला अर्धा फेरा पुरा करते, आणि पुन्हा धारा सुरू होते. पुस्तकातली ती दुभंगलेली कडी ज्यासाठी आहे, तेच काम हा अर्धा लेप अडाणीपणाने का होईना, पण चोख करतो. कडी धारेची दिशा उलटवते, लेप ती नुसती तोडतो, एवढाच फरक. माझ्या एका आठवीतल्या मुलीने दोन दिवस मोटार फिरत नाही म्हणून तोंड पाडले होते. तिसऱ्या दिवशी तिने एका टोकाच्या एका बाजूला नखाचा रंग लावून आणला आणि मोटार भिंगरीसारखी सुटली. तिला दुभंगलेल्या कड्याचे कार्य आता या जन्मात कुणी पाठ करायला सांगू नये.

याचा अर्थ, जी मोटार पहिल्या झटक्यात फिरते ती फारसे काही शिकवत नाही. न फिरणारी मोटार शिकवते. म्हणूनच शिक्षकाने टेबलावर एक नमुना फिरवून दाखवला आणि मुलांनी लांबून टाळ्या वाजवल्या, याला मी प्रयोग म्हणायला तयार नाही. ती जादूगाराची करामत झाली. हल्ली तर तेवढेही कष्ट नकोत. भिंतीवरच्या पडद्यावर चित्रफीत लावली की काम झाले. चित्रफितीतली मोटार कधी बिघडत नाही, आणि हीच तिची सगळ्यात मोठी खोट आहे.

इतिहास काय सांगतो तेही पाहू. विजेची विद्या ज्यांनी घडवली त्यांच्यात विद्यापीठांचे मानकरी होते, तसे हाताला काम असलेले लोकही होते. १८२० साली कोपनहेगनला ओर्स्टेड व्याख्यान देत असताना तारेतून धारा सोडली आणि जवळची होकायंत्राची सुई हलली. व्याख्यानाच्या टेबलावर साहित्य मांडलेले होते म्हणून ती हलली. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरेडेने पाऱ्याच्या भांड्यात लोंबती तार चुंबकाभोवती गोल फिरवून दाखवली. जगातल्या साऱ्या मोटारींची ती आदिमाता. हा फॅरेडे लोहाराचा मुलगा, सात वर्षे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला, गणितात कच्चा. तो बांधणीला आलेली पुस्तके वाची आणि वाचलेले स्वतः करून पाही. अमेरिकेत १८३७ साली विजेच्या मोटारीचे पेटंट घेणारा टॉमस डेव्हनपोर्ट, तोही लोहारच.

आणि आमच्या शिक्षकवर्गाने ज्याची तसबीर शाळेत लावावी, तो गेऑर्ग ओहम! ज्याच्या नावाचा नियम मुले घोकतात तो ओहम कोलोनच्या एका शाळेत शिक्षक होता. बाप कुलपे करणारा. शाळेच्या प्रयोगशाळेत त्याने वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेतल्या. त्या काळच्या बॅटऱ्यांची धारा सारखी कमीजास्त होई, म्हणून त्याने दोन धातूंच्या जोडाचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवून स्थिर धारा मिळवली. टांगलेल्या चुंबकसुईवरून ती मोजली. १८२७ साली पुस्तक छापले. त्याच्या देशातल्या पंडितांनी आधी नाके मुरडली. इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्याला कोप्ले पदक दिले. एका शाळामास्तराने शाळेच्या खोलीत हातांनी शोधून काढलेला नियम आज जगभरच्या शाळांत न करता शिकवला जातो, यापेक्षा मोठा विनोद मला तरी कादंबरीत सुचला नसता.

आता आक्षेपांचा समाचार घेतो. पहिला आक्षेप धोक्याचा. ‘मुलांच्या हातात वीज? शॉक बसला तर?’ दीड व्होल्टच्या सेलने शॉक बसत नाही. कोरड्या कातडीचा रोध इतका असतो की तेवढ्या दाबाने जाणवण्यासारखी धारा शरीरातून जात नाही. मात्र भिंतीतल्या सॉकेटला हात लावायचा नाही, जुन्या मोबाइलची बॅटरी उघडायची नाही, बटणाएवढे सेल लहान भावंडांच्या हाती पडू द्यायचे नाहीत, आणि सेलची दोन टोके नुसत्या तारेने जोडून ठेवायची नाहीत, कारण तार आणि सेल दोन्ही तापतात. हे नियम मी पहिल्याच तासाला सांगतो. सेलच्या त्या तापलेल्या तारेचा एक चटका मुलाला शॉर्ट सर्किटचा जो अर्थ सांगतो, तो दहा फलक सांगत नाहीत. वीज म्हणजे भूत असे मानणारे मूल एक तर जन्मभर तिला भिते, नाही तर एक दिवस ओल्या हाताने तिला नको तिथे पकडते. तिचा रस्ता ओळखणारे मूल तसे करत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. तो खरा असता तर मी मान खाली घातली असती. पण वर सांगितलेल्या मोटारीचे साहित्य फटाक्यांच्या एका मध्यम डब्याहून महाग नाही. तार रिवाइंडिंगवाला उरलेल्या तुकड्यांतून हसत देतो. पैशाची अडचण सांगणाऱ्या समाजात रोबो बनवण्याचे महागडे वर्ग मात्र हाउसफुल्ल आहेत! तिथे तयार तुकडे खटाखट एकमेकांत बसवले की गाडी धावते. विचार करण्याचे सगळे काम पेटी बनवणाऱ्याने आधीच उरकलेले असते. मुलाने फक्त चित्र पाहून जुळणी करायची. सरकारनेही २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबची योजना काढली. निवडलेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते. योजना चांगली आहे, ज्या शाळांना लाभली त्यांनी तिचे सोने करावे. पण एक महागडी खोली मिळाल्याने वर्गात सेल आणि तार देण्याचे कर्तव्य संपत नाही. मी एका शाळेत अशी एक वैज्ञानिक साहित्याची पेटी पाहिली की तिच्यावरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा निघालेला नव्हता. विचारले, तर उत्तर मिळाले, ‘मुले मोडतील ना!’ मोडण्यासाठीच ती आली होती, हे त्या माउलीला कोण सांगणार?

तिसरा आक्षेप वेळेचा. ‘पोर्शन पुरा होत नाही.’ यावर मी होशंगाबादचे उदाहरण देतो. मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात १९७२ साली सोळा ग्रामीण शाळांत विज्ञान प्रयोगांतून शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. मुले गटात बसून स्वतः प्रयोग करीत, स्वतःची निरीक्षणे लिहीत, आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती. शिवाय प्रात्यक्षिकाची खरी परीक्षा होई. साध्या खेड्यांतल्या साध्या शिक्षकांनी तो तीस वर्षे चालवला. २००२ साली सरकारी हुकमाने तो बंद झाला. म्हणजे हे होत नाही असे नाही. होत असलेले आपण बंद करतो. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. मोठ्या कंपनीतली संशोधकाची नोकरी सोडून हा गृहस्थ दुष्काळी गावात आला, आणि मुलांना विजेची जोडणी, जोडकाम, शेती, माती-पाणी तपासणी असल्या कामांतून शिकवू लागला. त्यातून शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम निघाला. कलबाग २००३ साली गेले, आश्रम चालू आहे. रस्ता नवा काढायचा नाही. मळलेला आहे, फक्त चालणारे थोडे.

आणि वेळच मोजायचा, तर प्रात्यक्षिकांच्या वह्यांत किती तास जातात, ते मोजा. दहावीला विज्ञानाच्या शंभर गुणांपैकी वीस प्रात्यक्षिकांचे. हे वीस गुण पुष्कळ ठिकाणी लग्नातल्या आहेरासारखे वाटले जातात. एका मुलाने केलेला (किंवा न केलेला) प्रयोग चाळीस वह्यांत एकाच दशांश चिन्हापर्यंत सारखा उतरतो. ओहमच्या नियमाचा आलेख प्रत्येकाचा अगदी सरळ रेषेत! खुद्द ओहमला एवढी सरळ रेषा मिळाली नसेल. कोवळ्या मुलाला आपण विज्ञानाच्या नावाखाली पहिली गोष्ट शिकवतो ती ही की, निरीक्षण उत्तराला जुळत नसेल तर निरीक्षण बदलावे. याहून अवैज्ञानिक शिक्षण शोधूनही सापडणार नाही.

पण धोका, पैसा आणि वेळ हे तिन्ही बहाणे आहेत. खरे कारण खोल आहे, आणि ते बोलून दाखवायला कुणी धजत नाही. हाताने काम करणाऱ्याला आपण मनातून हलका समजतो. ज्याच्या हाताला घट्टे त्याच्या डोक्यात अक्कल नाही, ही आपली फार जुनी अंधश्रद्धा आहे. लोहार, सुतार, कुंभार यांच्या हातांवर गावे उभी राहिली. पण शहाणा कोण, तर ज्याने कधी हत्यार धरले नाही तो. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना गांधीजींनी देशापुढे मांडली. आपण तिला नमस्कार केला आणि वेळापत्रकाच्या शेवटच्या तासात नेऊन बसवले. ‘कार्यानुभव’ नावाने ती अजून तिथेच आहे. गणिताचा तास राहिला की तो पहिला बळी माझ्या तासाचा घेतो, हे मी अनुभवाने सांगतो. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आणि त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांबरोबर शिकायला सांगितले. फार चांगले. माझी भीती एवढीच की, दहा दिवस दप्तराविना जातील आणि उरलेले दिवस हाताविना.

आणखी एक गोष्ट, आणि ती घरातल्या बायाबापड्यांनी नीट ऐकावी. वर्गात गट पाडले की तार धरतो मुलगा, पक्कड धरतो मुलगा, आणि वहीत सुवाच्य अक्षरांत लिहिते मुलगी. हे मी मोडून काढले आहे. माझ्या वर्गात मुलींचे गट वेगळे असतात आणि त्यांना लेखनिक बाहेरून मिळत नाही. परंतु घरी काय? आकाशकंदिलाची वायर जोडायला दादाला हाक मारायची आणि ताईला रांगोळीचे डबे द्यायचे. मिक्सर, शिलाई यंत्र, पंखा, पाण्याचा पंप ही घरातली सगळी मोटारीचीच अपत्ये. त्यांतली दोन तरी दिवसभर बाईच्या हाताखाली चालतात. तिनेच त्यांच्या पोटात काय आहे हे पाहू नये, असा नियम कुणी केला?

तेव्हा माझ्या मागण्या सांगून टाकतो. शाळांकडे मागणे असे की, सातवी-आठवीतल्या प्रत्येक मुलाच्या आणि मुलीच्या हाती, गटाला एक नव्हे तर प्रत्येकी, सेल, तार आणि चुंबक द्या. प्रात्यक्षिकाच्या वीस गुणांसाठी वही तपासू नका. बिघडवलेली मोटार पुढे ठेवा आणि ‘ही का फिरत नाही ते शोध’ एवढेच सांगा. शोधण्याच्या रीतीला गुण द्या. फिरली नाही तरी द्या. गावातल्या रिवाइंडिंगवाल्याला वर्षातून एकदा मानाने वर्गात बोलवा, आणि त्याला बसायला मुख्याध्यापकांची खुर्ची द्या. तो ‘सिरीज’ म्हणेल, तुम्ही ‘एकसर’ म्हणा. मुले दोन्ही शिकतील.

पालकांकडे मागणे त्याहून लहान आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी विज्ञानाची व्याख्याने होत आली आहेत. फॅरेडेने स्वतः अशा एकोणीस मालिका दिल्या. सणाच्या दिवसांत मुलांच्या हाती विज्ञान द्यावे, ही कल्पना त्या लोकांना सणाला विसंगत वाटली नाही. आपला सण तर दिव्यांचाच. माळ्यावर गेल्या वर्षीची बंद पडलेली लाइटची माळ असेल. तिची पिन सॉकेटमधून काढलेली आहे याची स्वतः खात्री करून, ती मुलांना उघडून पाहू द्या. जुन्या माळेतला एक बल्ब गेला की सगळी माळ का विझायची, आणि नव्या माळेचा मधलाच तुकडा काळोखात का राहतो, हे त्यांना तारेवरून बोट फिरवीत शोधू द्या. ती माळ पुन्हा सॉकेटला मात्र लावू नका; तिचे काम शिकवण्यापुरते. आणि पाडव्याला ओवाळणीच्या पाकिटाबरोबर एक सेल, दोन सेफ्टी पिना, चुंबकाचा एक तुकडा आणि चार हात तांब्याची तार द्या.

मोटार पहिल्या खेपेस फिरणार नाही. मूल तुमच्याकडे येईल, रडकुंडीला आलेले असेल, आणि तुमचे हात शिवशिवतील. वाचकहो, तेवढ्यापुरते हात मागे बांधून बसा. ती त्याची त्यालाच दुरुस्त करू द्या.